धाकटीचं अंतर

आलेखाच्या रेघेतला डावीकडचा तो उंचवटा पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं, कागदाला चुणी पडलीय. अंगठ्यानं ती सपाट करायला गेले, तर शाई बोटाला लागली आणि उंचवटा होता तिथंच राहिला.

"काय झालं बोधलेबाई?" शेजारच्या टर्मिनलवरून उदय खांबेटेनं विचारलं. "कागदाला इस्त्री करताय का?"

"हे काय आहे बघ ना. इथं, डावीकडं."

त्यानं खुर्ची न हलवता नुसती मान लांब केली. "डावीकडं बघायचंच नाही. ती बाजू आंधळी असते."

एवढं बोलून तो आपल्या कामाला लागला. मी मात्र त्या कागदासमोर आ वासून बसले. त्र्याण्णव सालचा एप्रिल संपत आला होता. बाहेर पुणं भाजून निघत होतं आणि आमच्या संगणकांच्या खोलीत इतकं गार होतं की मी शाल घेऊन बसायची. त्या शालीमुळे आणि एकोणतीस वर्षांच्या वयामुळे तिथली सगळी तेविशीतली मंडळी आणि सहा वर्षं जुना उदयही मला बाई म्हणत. मी होतेही बाईच. बार्शीच्या ज्युनिअर कॉलेजात पाच वर्षं फिजिक्स शिकवलेलं, नोकरी कायम झालेली, आणि डोक्यात खूळ शिरलं म्हणून वर्षभराची बिनपगारी रजा टाकून खगोलशास्त्राच्या संस्थेत विद्यार्थिनी म्हणून आलेली. पहिल्या वर्षाच्या शेवटी माझे मार्गदर्शक उकिडवे सर सांगणार, ही मुलगी राहणार की जाणार. राहिले तर पीएच.डी., नाही तर बार्शी. आणि बार्शीचे प्राचार्य निंबाळकर सर यांनी बजावून ठेवलं होतं की तीस तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत कळवा, नंतर जागा भरून टाकणार.

त्या दिवशी सव्वीस तारीख होती.

राहायचं की जायचं हे ठरायचं एका आकड्यावर. सरांच्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं काम ठरलेलं असायचं, ते म्हणजे धाकटीचं अंतर काढणं. धाकटी ही एक दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच एक ताऱ्यांचा समूह. तिचा गाभा जरा जास्तच पेटलेला, म्हणून ती सक्रिय दीर्घिका. कॅटलॉगमध्ये तिला लांबलचक क्रमांक होता, पण आमच्याकडे सगळे तिला धाकटीच म्हणत. चौदा वर्षांपूर्वी सरांनी तिचं अंतर काढलं होतं. साठ कोटी प्रकाशवर्षं. आकाशाच्या हिशेबात हे म्हणजे शेजारचं घर. इतक्या जवळ असून ती इतकी मिणमिणती, म्हणून धाकटी. आकाशात अशा दुबळ्या गाभ्याच्या दीर्घिका पुष्कळ असणार, असं सरांनी तिच्यावरून मांडलं आणि पुढची चौदा वर्षं त्याच पायावर मजले चढवले.

अंतर काढायचं कसं, ते बारावीच्या पोरांना सांगायची तसंच सांगते. दीर्घिकेचा उजेड लोलकातून जातो तसा पसरवायचा आणि त्याचा आलेख काढायचा. डावीकडे निळा, उजवीकडे तांबडा. प्रत्येक मूलद्रव्याच्या उजेडाची जागा ठरलेली असते. तिथं आलेखाला उंचवटा येतो. दीर्घिका आपल्यापासून लांब जात असेल तर हे उंचवटे तांबड्या बाजूला सरकतात. किती सरकले ते मोजलं की ती किती लांब आहे ते कळतं. हायड्रोजनचा उंचवटा मुळात ६५६३ या तरंगलांबीवर असतो. धाकटीत तो ६८५६ वर होता. जितका सरकला त्याला ६५६३ नं भागलं की आकडा येतो ०.०४५. आजवर सात जणांनी हे काम केलं होतं आणि सातही जणांचा आकडा ०.०४५ आला होता. आकडा आला की सर कँटीनमधून बटाटेवडे मागवत आणि तो माणूस आमच्यातला झाला असं धरलं जाई. आठवी मी.

माझ्याही कागदावर ६८५६ चा उंचवटा अगदी झोकात उभा होता. तिथंच थांबले असते तर सुटले असते. पण शिकवायची खोड. हायड्रोजन आहे म्हटल्यावर त्याचा दुसरा उंचवटाही हवा, असा मी हिशेब केला. तो ५०८० वर यायला पाहिजे. तिथं बघितलं तर आलेख सपाट. आणि त्याच्याही डावीकडे, ४६७७ वर, ज्या जागी माझ्या माहितीप्रमाणे कशाचंच काही काम नव्हतं, तिथं हा दुसराच कोणीतरी ठाण मांडून बसलेला. जो असायला हवा तो नव्हता, आणि जो नसायला हवा तो होता. माझं डोकंच चालेना.

"उदय, बाकीच्यांना हा कसा नाही दिसला?"

"कारण बाकीचे चाळणी वापरतात." चाळणी म्हणजे उदयनं लिहिलेला प्रोग्रॅम. दुर्बिणीवरून आलेली टेप त्यात घालायची, बाहेर स्वच्छ आलेख येतो. "चाळणी ५५०० च्या डावीकडचं सगळं आधीच काढून टाकते."

"का?"

"जुन्या यंत्राला निळं दिसायचंच नाही. डावीकडं नुसती खरखर यायची."

"पण गेल्या वर्षी यंत्र नवीन आलंय ना?"

"यंत्र नवीन आहे, चाळणी जुनी आहे. आकडा येतो ना बरोबर? मग कशाला हात लावा?" मग तो हसला. "तुम्ही का नाही वापरली?"

आता काय सांगणार? चाळणी संगणकावरच्या माझ्या खात्यावर चालत नव्हती. तीनदा त्याला विचारून झालं होतं, चौथ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून मी सगळं हातानं केलं होतं. एकेक पायरी, रजिस्टरमध्ये लिहीत लिहीत.

"मग तुमचं दिव्यात काहीतरी चुकलंय," उदय म्हणाला. दीर्घिकेचा उजेड घेतला की लगेच एका ठरावीक दिव्याचाही घ्यायचा असतो. त्याच्यावरून आलेखाची मोजपट्टी बसवतात. मी मोजपट्टी पुन्हा बसवली. सत्तावीसला एकदा, अठ्ठावीसला दोनदा. प्रत्येक वेळी तो उंचवटा तिथंच, जरासुद्धा इकडे नाही की तिकडे नाही. चूक असती तर कधीतरी हलली असती, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की सात जणांना जमलं ते मला जमत नाहीये.

अठ्ठावीसला संध्याकाळी दादाला फोन केला. बूथवाल्याच्या मीटरकडे डोळे लावून.

"सुले, जमतंय का न्हाई?" दादानं विचारलं.

"कळत नाहीये दादा."

"म्हंजी? जमतंय का न्हाई एवढंच तर इचारलं."

"तेच कळत नाहीये."

पलीकडे दादानं आईला काहीतरी विचारलं. मग म्हणाला, "आई म्हणत्येय, न्हाई जमलं तर ये. कुणी काय म्हणत न्हाई. पण त्या निंबाळकर सरास्नी टायमात सांग, माणूस चांगला हाय." गाडीच्या वेळाही त्यानंच सांगितल्या. मी त्या मुकाट्यानं हातातल्या आलेखाच्या पाठीवर लिहून घेतल्या.

एकोणतीसला दुपारी मी ऑफिसातून कात्री आणली.

त्यात काही नाट्य नव्हतं. खोलीत चार माणसं होती, कुणी वरसुद्धा बघितलं नाही. मी ५५०० वर पेन्सिलीनं उभी रेघ मारली आणि डावीकडची पट्टी कापून काढली. कागद एकदम शहाणा दिसायला लागला. एकच उंचवटा, उजवीकडे, जिथं असायला हवा तिथं. चाळणी करते तेच तर मी केलं, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते खरंही होतं. तरी कापलेली पट्टी टाकवेना. तिच्या पाठीवर पेन्सिलीनं गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या होत्या. मी ती रजिस्टरात खूण म्हणून घातली.

शुक्रवारी, तीस तारखेला, सकाळी दहाला सरांच्या खोलीत गेले. उकिडवे सर म्हणजे उंच, किडकिडीत, पुढच्या वर्षी साठ पुरी होणारे, आणि विद्यार्थ्यालाही अहो-जाहो करणारे. त्यांनी आलेख टेबलावर पसरला, ६८५६ वर बोट ठेवलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आला आकडा?"

"०.०४५, सर."

"छान! अहो, छान!" त्यांनी लगेच कँटीनला फोन करून वडे सांगितले. मग हौसेनं माझं रजिस्टर ओढलं. "हातानं केलंत म्हणे सगळं. बघू तरी. हल्ली कोण करतंय हातानं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी रजिस्टर उघडलं. पट्टी त्यांच्या मांडीवर पडली.

त्यांनी आधी गाड्यांच्या वेळा वाचल्या. मग पट्टी उलटी केली. नंतर सावकाश ती आलेखाच्या कापलेल्या कडेला लावली आणि बघत बसले. किती वेळ, देव जाणे. वडे आले, पोऱ्या ताटली ठेवून गेला, वड्यांची वाफ गेली, तरी ते बघतच होते.

"हे कुणी कापलं?"

"मी, सर."

"का?"

जे होतं ते बोलले. "तुमचा आकडा येईना म्हणून."

त्यांनी मान हलवली, ती हो होती की नाही ते कळलं नाही. मोजपट्टीसाठीचा दिव्याचा हिशेब त्यांनी माझ्या रजिस्टरातून तपासला, बोटानं ओळ-ओळ. मग खिशातलं पेन काढून वड्यांच्या ताटलीवर झाकून आलेल्या कागदाच्याच कोपऱ्यावर दोन छोटे गुणाकार केले. पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले आणि मला वाटलं, माझ्यावरचा राग आवरतायत.

"तुम्ही जा आता," ते म्हणाले. "चारला सेमिनारला या. आलेख मी आणतो."

शुक्रवारी चार वाजता चहाबरोबर आमची बैठक असायची, सगळा विभाग जमायचा. म्हणजे सगळ्यांसमोर होणार तर! जेवण गेलं नाही. दोन वाजता बूथवर जाऊन निंबाळकर सरांना फोन लावला, येतेय म्हणून सांगून टाकावं म्हणून.

"बोला बाई, काय ठरलं?"

येतेय हा एवढासा शब्द. तोंडाशी आला आणि अडला. का अडला, सांगता येत नाही. सरांनी जा म्हटलं होतं, पण नेमकं कुठं जा ते म्हटलं नव्हतं, एवढाच काय तो धागा.

"सहापर्यंत सांगते सर."

"सांगा. दोन तुकड्या आहेत, वेळापत्रक लावायचंय मला."

चारला मी मागच्या रांगेत बसले. फळ्यावर माझा आलेख लावलेला होता, आणि त्याला डावीकडे ती पट्टी पुन्हा चिकटवलेली होती. तीही धड नाही. तिरकी, जरा वर चढलेली, डिंकाचे डाग पडलेली. आलेखाची रेघ जोडावर तुटून पुढे दुसऱ्याच उंचीवरून सुरू झालेली. आंधळ्यालाही दिसावा असा जोड. हे मुद्दाम आहे, मी मनात म्हटलं. हे माझ्यासाठी आहे.

सर उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच होता.

"चौदा वर्षं मी तुम्हाला सांगत आलो की हा उंचवटा हायड्रोजनचा आहे. तो हायड्रोजनचा नाही. हायड्रोजनचा असता तर त्याचा जोडीदार इथं, ५०८० वर दिसला असता. तिथं काही नाही. आणि इथं, ४६७७ वर, हा आहे. हा कार्बनचा आहे. उजवीकडचा मॅग्नेशियमचा. दोघंही मुळात अतिनील, डोळ्याला न दिसणारे. ते सरकत सरकत इथवर आलेत. दोघंही सारखेच सरकलेत, १.४५. ०.०४५ नव्हे." ते थांबले. "धाकटी साठ कोटींवर नाही. तिचा उजेड नऊशे कोटी वर्षं चालत आपल्यापर्यंत आलाय. ती दुबळी नाही, भयंकर पेटलेली आहे. लांब आहे म्हणून मिणमिणती दिसते. तिच्यावर मी जे जे उभारलं, ते आता पुन्हा तपासावं लागेल. त्यातलं बरंच पडेल."

सरांनी चिकटवलेल्या पट्टीवर बोट ठेवलं.

"माझ्याकडे निळी बाजू कधीच नव्हती," सर म्हणाले. "मी ती मागितलीही नाही. हा उंचवटा बोधल्यांनी बघितला."

आणि ते माझ्याकडे बघून टाळ्या वाजवू लागले. मग सगळेच वाजवू लागले. मान वळवून वळवून लोक मला बघत होते. मला काही म्हणजे काही कळेना. हे माझं कौतुक चाललंय? की थट्टा? कापलेलं त्यांना माहीत आहे आणि तरी ते टाळ्या वाजवतायत. गप्प बसले तर मी आज इथली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. फक्त गप्प बसायचं.

पहिल्या रांगेत निवृत्त झालेले कानिटकर सर बसायचे, दर शुक्रवारी, चहा आणि वाद दोन्हीसाठी. त्यांनी काठी उचलून फळ्याकडे रोखली.

"उकिडवे, शोध झकास आहे. पण हा जोड कसला? कागद फाटला होता काय?"

सरांनी फळ्याकडे बघितलं. "ते बोधले सांगतील," ते म्हणाले.

मी उठले. फाटला होता, हे दोन शब्द कानिटकर सरांनी आयते हातात दिले होते.

"फाटला नव्हता," मी म्हणाले. "मी कापला होता. कात्रीनं. मला हा उंचवटा दिसला, कशाचा ते कळलं नाही, आणि सरांचा आकडा यायला हवा होता म्हणून मी तो कापून टाकला. सरांना तो माझ्या वहीत सापडला. शोध बीध मी काही लावलेला नाही."

मला रडू येत होतं आणि ते मी येऊ दिलं नाही, एवढंच काय ते माझं शौर्य. कुणीतरी घसा खाकरला. आता बसावं की निघून जावं तेही कळेना.

तेवढ्यात उदय उठला. त्याचा चेहरा पार पडला होता.

"बाईंनी एकदा कापला," तो म्हणाला. "तोही बघून. मी सहा वर्षं न बघता कापतोय. प्रोग्रॅमची पहिलीच ओळ आहे ती." आणि तो खाली बसला.

बैठक कशी संपली ते आठवत नाही. साडेपाचला सरांनी मला खोलीत बोलावलं. तेव्हा फोनच्या डायलला छोटं कुलूप लावायची पद्धत होती, बाहेरगावचे फोन कुणी परस्पर करू नयेत म्हणून. सरांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि फोन माझ्याकडे सरकवला.

"पट्टीच्या मागे गाड्यांच्या वेळा होत्या," ते म्हणाले. "बार्शीला कळवायचं असेल ना काहीतरी. कळवा."

"काय कळवू, सर?"

"मी कसं सांगणार? याच उन्हाळ्यात धाकटी पुन्हा बघावी लागेल, निळ्या बाजूसकट. दुरुस्तीचा लेख लिहावा लागेल, तुमचं आणि माझं नाव घालून. एका माणसाचं काम नाही ते. पण चुकीचं निघालेलं घर आवरायचं काम आहे, त्यात मजा नाही. तुम्ही बघा."

मी रिसीव्हर उचलला, पण दुपारपासून जे मनात होतं ते आधी विचारलं. "सर, तो जोड तुम्ही मुद्दाम तिरका लावलात ना? मी बोलते की नाही ते बघायला?"

सरांनी माझ्याकडे अगदी भाबड्या आश्चर्यानं बघितलं.

"मुद्दाम? नाही हो. हात थरथरत होता. तीनदा डिंक लावला, तरी सरळ बसेना."

मी खाली बघितलं. त्यांच्या बोटांना डिंक अजून तसाच होता, वाळून पांढरा झालेला. दिवसभर मी माझ्याच भीतीत होते. या माणसाची चौदा वर्षं सकाळी माझ्यासमोर कोसळली होती आणि मला वाटत होतं, ते माझ्यावर रागावलेत. मला इतकी लाज आयुष्यात नंतर कधी वाटली नाही.

नंबर फिरवला. पलीकडे पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"निंबाळकर सर, सुलभा बोधले बोलतेय. जागा भरा तुम्ही."

"बरं बाई. विचार केलाय ना नीट?"

"नाही सर," मी म्हणाले. "पण भरा."

फोन ठेवला. सरांनी कुलूप पुन्हा लावलं. मग कपाटावरची सकाळची ताटली खाली घेतली आणि वरचा कागद काढला, ज्याच्या कोपऱ्यावर ते दोन गुणाकार होते. कागदाची नीट घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. वडे गार, तेलकट, दगडासारखे झाले होते.

"घ्या," ते ताटली पुढे करत म्हणाले. "आकडा आलाय."